दाढीच्या पाच मशिनांची वाटणी

मी, चांगदेव रावजी ओव्हाळ, वय वर्षे अडुसष्ट, धर्म बौद्ध, रेल्वेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त, मूळचा शिरूर तालुक्यातला आणि पंचेचाळीस वर्षांपासून राहणार दौंड, हे माझे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा नशेत न लिहिता, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. वकीलसाहेबांनी मसुदा टाइप करून दिला होता. तो दीड पानात संपला. त्यात कोणाला काय द्यायचे ते होते, का द्यायचे ते नव्हते. शेडमध्ये इंजिन दुरुस्त झाले की काय बिघडले होते तेही मी खडूने त्याच्या अंगावर लिहीत असे. तीच सवय इथे चालवतो.

कलम १. दौंडमधले माझे दोन खोल्यांचे घर, मागची मोरी आणि लिंबाचे झाड धरून, माझी पत्नी शेवंताबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिला त्या घरातून कोणी हलवू नये. पुण्याला चल, तळेगावला चल, असे प्रेमाने म्हणूनही हलवू नये. ती आपण होऊन निघाली तर गोष्ट वेगळी. तिच्यामागे घराचे दोन सारखे हिस्से, एक मुलगा जयसिंग याचा, एक मुलगी वच्छला हिचा. हक्क सोडल्याचा कागद कोणी वच्छलापुढे सहीला ठेवला, तर त्या कागदाला आणि तो ठेवणाऱ्याला माझी आत्ताच नामंजुरी आहे.

कलम २. पोस्टातले पुस्तक आणि रेल्वेकडून जे काही येणे असेल ते शेवंताबाईचे. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पाने, हातोड्या, कानस, छिन्नी आणि फीलर गेज, वच्छलाला. ती तळेगाव ढमढेऱ्याला दिली आहे. लहानपणी घरातला स्टोव्ह तीच खोलायची आणि तीच जोडायची, आणि जोडल्यावर एकही स्क्रू उरायचा नाही. हत्यारे तिची आहेत, जावईबापूंची नाहीत. फीलर गेज म्हणजे पातळ पोलादी पानांचा जुडगा. दोन भागांमधली फट किती, ते त्यात बसणाऱ्या पानावरून कळते. पानावर जाडी थाऊत लिहिलेली असते, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जावईबापू सोपानराव यांनी त्यातले बाराचे पान रंगाचा डबा उघडायला घेऊन वाकवले. मी तेव्हा काही बोललो नाही. आता बोलत आहे.

कलम ४. माझ्याजवळ दाढीची पाच मशिने आहेत. वकीलसाहेब म्हणाले, "अहो ओव्हाळ, ह्या किरकोळ वस्तू, 'घरातील इतर चीजवस्तू'मध्ये घालू." मी म्हणालो, घालायच्या नाहीत. त्यांची वाटणी करण्याआधी ती माझ्याकडे का आली, ते सांगणे भाग आहे.

सन एकोणतीस. मी एकवीस वर्षांचा होतो आणि माझे लग्न न्हावऱ्याच्या शेवंताशी ठरले होते. आमच्या गावाचे नाव मी इथे लिहीत नाही, माझे भाऊबंद तिथे नांदतात. मी तेव्हाच्या महारवाड्यातला. गावचा न्हावी आमच्या केसांना हात लावत नसे, हे इतके रोजचे होते की त्याचे वाईटही वाटत नसे. आमच्या वस्तीत एकाकडे वस्तरा होता, तो नेमका त्या आठवड्यात परगावी कामाला गेला होता. उद्या लग्न आणि माझी दहा दिवसांची दाढी. मी पारापासून दहा पावलांवर उभा राहिलो. म्हाळू न्हावी धोकटी उघडून बसला होता. त्याचा मुलगा ज्ञानदेव, माझ्याच वयाचा, गिऱ्हाइकापुढे आरसा धरून होता.

मी म्हणालो, "म्हाळूतात्या, दाढी करा म्हणत न्हाई. एक घटकाभर वस्तरा द्या. माझी मी करतो आन् धुऊन आणून देतो."

म्हाळूतात्याने मान वर केली नाही. म्हणाला, "कुठं धुशील? तुझ्या गालाला लागलेला वस्तरा धुवायला नदी पुरायची न्हाई."

गिऱ्हाईक हसले. ज्ञानदेव हसला नाही, पण त्याने आरसा जरा फिरवला. त्यात मला माझे तोंड दिसले. तोंडाला काय झाले आहे ते मी नीट बघितले. मला काही वेगळे दिसले नाही.

नदीकाठी म्हस्कू धनगराची मेंढरे बसली होती. त्याने मेंढरे कातरायची कातर वाळूने घासली, धोतराला पुसली, आणि माझे डोके मांडीवर घेऊन म्हणाला, "हलू नगंस. मेंढरू बी हलत न्हाई." असा मी नवरदेव झालो. शेवंताबाई आजही सांगते, "अंतरपाट खाली गेला आन् मला वाटलं, ह्यास्नी मेंढरांत निजवलं व्हतं का काय?" ती हे हसत सांगते. म्हस्कूचे माझ्यावर उपकार आहेत, तो आता नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

दोन वर्षांनी मी दौंडच्या शेडमध्ये इंजिने पुसायच्या कामाला लागलो. तिथे डिक्रूझ म्हणून गोरापान ड्रायव्हर होता. त्याने फेकून दिलेले एक दाढीचे मशीन मला राखेच्या ढिगात सापडले. पितळी, मुलामा गेलेले, कडेला फणीसारखे दात, त्यातला एक तुटलेला. तीन तुकडे होते, वरचे झाकण, मधली फणी आणि खालची मूठ. मूठ फिरवली की पाते झाकण आणि फणी यांच्या मध्ये आवळले जाते. मी ते तिथेच बसून पाच-सहा वेळा खोलले आणि जोडले. पहिला विचार दाढीचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की ज्याने हे बनवले त्याने ते कोणाच्या हातात जाणार हे विचारलेले दिसत नाही.

त्या दिवसापासून मी कोणाच्या पारासमोर उभा राहिलो नाही.

पण ते मशीन कापायचे. रोज, डाव्या जबड्याखाली, एकाच जागी. मी तुरटी लावायचो आणि मशिनाला दोष द्यायचो. फिटर झाल्यावर फीलर गेज हातात आले तेव्हा पाते आणि फणी यांच्यातली फट मोजली. एक्केचाळीस थाऊ. इंजिनातसुद्धा आम्ही एवढी ढिलाई ठेवत नसू. म्हणजे फट कमी हवी. शिरूरच्या बाजारातून दुसरे मशीन आणले, अॅल्युमिनियमचे. फट बावीस, पण वजन पिसासारखे. ते केसांवरून नुसते घसरायचे, म्हणून मी दाबायचो, आणि दाबले की त्याच जागी रक्त. म्हणजे वजन हवे. एक्कावन्न साली पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि खिशातून गेज काढून एकेका मशिनाची फट मोजू लागलो. दुकानदार म्हणाला, "आप्पा, दाढी करायचीय का इंजान वढायचंय?" तिथे तिसरे मिळाले. भरीव पितळेचे, दात नसलेले, सलग काठाचे, फट सत्तावीस. ते बोटावर आडवे ठेवले तर मानेपासून थोड्या खाली तोलून राहते, म्हणजे वजन पात्याकडे. घरी येऊन मी पिकल्या टोमॅटोला साबण लावून त्यावर चालवून बघितले. साल जराही निघाली नाही. शेवंताबाई म्हणाली, "त्या टमाट्याचं कालवण मी करायची न्हाई."

हे तिसरे मशीन उत्तम. तरीही ते त्या एका जागी कापायचेच. मग अठ्ठावन्न साली चौथे घेतले. त्याची मूठ फिरवली की वर दोन दारे उघडतात आणि पाते आत ठेवता येते. बघायला फार सुंदर. पण जिथे दार आहे तिथे बिजागरी आली, आणि बिजागरी आली की खेळ आला. वर्षभरात दारे एका बाजूला पंचवीस आणि दुसऱ्या बाजूला एकतीस दाखवू लागली.

कलम ५. पाचवे मशीन माझ्या मुलाने, जयसिंगने, मी सहासष्ट साली निवृत्त झालो तेव्हा दिले. तो पिंपरीच्या कारखान्यात आहे. कोणा बोटीवरच्या माणसाकडून मागवून घेतले होते. त्याच्या मानेवर एक ते नऊ आकड्यांची कडी आहे. ती फिरवली की फट कमीजास्त होते. जयसिंग म्हणाला, "बाबा, आता मोजायला नको. पाहिजे तेवढी फट करा."

मी ते सहा महिने वापरले आणि पेटीत ठेवले. जयसिंगला ते लागले, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मला कारण सांगता आले नाही, म्हणून मी "हाताला बसत नाही" एवढेच म्हणालो. खरे कारण असे. तीनवर कापले की मी दोन करायचो. दोनवर केस राहिले की चार. चारवर कापले की म्हणायचो, आज पाते नवे आहे, उद्या तीन. सहा महिन्यांत मला एकही गोष्ट नक्की कळली नाही, कारण रोज काहीतरी बदललेले असायचे. मशीन न बदलणारे असले की चूक मशिनात नाही एवढे तरी एक दिवस कळते, आणि मग ती दुसरीकडे शोधता येते. जयसिंग, तुझे मशीन वाईट नव्हते. दोष देण्यासाठी नऊ जागा देणारे मशीन माझ्यासारख्याच्या हातात पडायला नको होते. हे मी दहा वर्षांपूर्वी बोलायला हवे होते. तू माझी फट मोजण्याची खोड लक्षात ठेवून ते आणलेस, हेही मला तेव्हाच कळले होते.

मी सत्तावीस थाऊच्या तिसऱ्याकडे परत गेलो. रक्त चालूच राहिले.

कलम ६. निवृत्तीनंतर मी दर रविवारी अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या दाढ्या करू लागलो. सलूनमध्ये जाता येत नाही अशी बरीच माणसे रेल्वेच्या चाळींत होती. पैसे घेत नव्हतो, चहा घेत होतो. त्र्याहत्तर साली एका रविवारी धुरपदा नावाची बाई दारात आली. भाजी विकते, स्टेशनापलीकडे राहते.

"मामा, तुम्ही आजारी माणसांची दाढी करता म्हणं. आमच्या आबांची करता का? त्यांचं हात कापत्यात. आन् सलूनमधी दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला लाजत्यात."

"लाज कशाची?"

"ते सोता न्हावी हायेत."

मी गेलो. खाटेवर बसलेल्या माणसाची दाढी छातीला टेकत होती. मी गाव विचारले आणि त्याने आमच्या गावाचे नाव घेतले. माझ्या हातात ब्रश होता, तो मी वाटीत ठेवला. म्हणालो, "मी रावजीचा चांगदेव."

तो म्हाळूतात्याचा ज्ञानदेव होता. म्हणाला, "तुम्ही म्हंजी... कातरीनं दाढी केल्ती, ते?" गावच्या माणसाने मला 'तुम्ही' म्हटल्याचे मला आठवत नाही. पुढे म्हणाला, "करणार असला तर करा. न्हाई म्हणला तरी बरुबर हाय."

मी का केली, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. दया आली असे लिहिले तर खोटे होईल. मला बघायचे होते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जे तोंड आरशामागे होते ते कसे आहे, हे मला हाताने बघायचे होते. ते साधेच होते. गाल खोल गेलेले, हनुवटीला खळी. अर्ध्यावर आल्यावर तो म्हणाला, "हात हलका. मशिनीला तिचं वजान हाय की, तू कशाला दाबतूस?" शिकवताना माणूस 'तू' म्हणतो तसा म्हणाला. मी रागावलो नाही. मी हात हलका केला, आणि त्याचे बरोबर होते.

दाढी झाल्यावर त्याने माझ्या जबड्याखाली बघितले. "रोज तिथंच कापतंय?"

"एक्केचाळीस वर्षं."

"हिकडं ये."

मी वाकलो. त्याचा हात पानासारखा थरथरत होता. पण दोन बोटे माझ्या जबड्याखाली टेकली आणि स्थिर झाली. बोटे गोल फिरली, एकदा वर, एकदा आडवी. त्याने डोळे मिटले होते.

"भवरा हाय हितं," तो म्हणाला. "बाकीची दाढी खाली जाती, हितली आडवी कानामागं जाती. तू वरनं खाली घेतूस म्हंजी हितं उलटंच चालतूस. कानाकडनं नगं, कानाकडं घे."

मी घरी आलो आणि तसे केले. रक्त आले नाही. दुसऱ्या दिवशी आले नाही. तिसऱ्या दिवशी शेवंताबाईने विचारले, "तुरटी कुठं ठिवली म्हणून कसं वरडला न्हाई?" तेव्हा मी तिला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजी मशिनीत कायच न्हवतं?" काहीच नव्हते. पाच मशिने मी थाऊ-थाऊने मोजली आणि स्वतःचे तोंड एकदाही बोटांनी चाचपले नाही. कोणताही न्हावी पहिल्याच दाढीला दोन बोटांनी जे सांगतो, ते मला कळायला एवढी वर्षे लागली, कारण त्या बोटांना माझ्यापर्यंत यायची मनाई होती. मला आनंदही झाला आणि संतापही आला. दोन्ही एकाच वेळी कसे येतात, हे मी अजून बघतो आहे.

पुढच्या रविवारी मी त्याला विचारले, "तुझ्या बापानं न्हाई म्हटलं. बाप गेल्यावर वस्तरा तुझ्या हातात आला. तवा?"

ज्ञानदेव म्हणाला, "तवा बी न्हाई आलो तुमच्या वस्तीत. गाव बलुतं बंद करील ह्या भ्यानं. बापाच्या नावावर न्हाई टाकत मी. ते माझंच."

मी त्याला माफ केले, असे माझ्यामागे कोणी सांगू नये. मी केलेले नाही आणि त्याने मागितलेलेही नाही. आम्ही रविवारी बसतो, मी दाढी करतो, तो चुका काढतो.

कलम ७. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नाला गावी गेलो होतो. मांडवात मी ही हकीकत सांगितली, तर गावातला एक पुढारी म्हणाला, "आपल्या गावात असलं कधी नव्हतं, अण्णा. म्हातारपणी माणसाला काहीबाही आठवतं." सगळे गप्प बसले. जयसिंगही शेजारी होता. एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "बाबा, कशाला उकरून काढता? त्यांना नको, आपल्यालाही नको." त्याचा राग मी धरत नाही. पण मला जे झाले ते झाले नव्हते, असे माझ्या मृत्यूनंतर ठरू नये. म्हणून हे या कागदावर, जिथे साक्षीदार लागतात.

कलम ८. वाटणी. राखेतून मिळालेले दातांचे मशीन वच्छलाला, हत्यारांसोबत. अॅल्युमिनियमचे कोणीही घ्यावे. दारांचे जावईबापू सोपानरावांना, त्यांना खोलायची हौस आहे. जयसिंगने दिलेले आकड्यांचे जयसिंगला परत, आणि त्याच्यासोबत सत्तावीस थाऊचे पितळीही त्यालाच. दोन्ही वापरून बघ आणि जे पटेल ते ठेव. माझे ऐकून ठेवू नकोस.

वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, नंतर भानगड होते. म्हणून ज्ञानदेवला मी काहीही देत नाही. त्याला देण्यापेक्षा त्याच्याकडून साक्ष घेणे मला जास्त गरजेचे वाटले.

कलम ९. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने साधा करावा. त्याआधी माझी शेवटची दाढी जयसिंगने करावी. बाहेरून कोणाला बोलावू नये. जयसिंग, तू मोठा झाल्यापासून माझ्या तोंडाला हात लावलेला नाहीस. आधी साबण लावू नकोस. दोन बोटे घे आणि केस कुठे जातात ते शोध. घाई करू नकोस, मी कुठे जाणार नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यांच्यासमोर सही करीत आहे.

स्थळ: दौंड, जिल्हा पुणे
रविवार, दिनांक १२ सप्टेंबर १९७६

सही: चांगदेव रावजी ओव्हाळ

साक्षीदार पहिला: पोपट बाबूराव रणपिसे, निवृत्त रेल्वे गार्ड, राहणार दौंड. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.
सही: पो. बा. रणपिसे

साक्षीदार दुसरा: ज्ञानदेव म्हाळू, धंदा न्हावी, मूळ शिरूर तालुका, हल्ली मुलगी धुरपदा हिच्याकडे, दौंड. हात कापत असल्याने डाव्या अंगठ्याची निशाणी. साक्षीदाराने स्वतःहून सांगितलेले पुढील शब्द त्याच्या आग्रहावरून त्याच्याच बोलीत लिहिले, लिहिणार पो. बा. रणपिसे:

"समदं ऐकलं. पारावर मी हुतो. आरसा माझ्या हातात हुता. माझा बाप जे बोलला ते ह्यात लिवलंय ते खरं हाय. त्यो आजून बी बोलला हुता, ते चांगदेवनं लिवलं न्हाई. कुणी न्हवतं झालं म्हणला, तर मला इचारा. मी हाय तवर मला, आन् मी न्हाई तवा ह्यो अंगठा दावा."

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा